दिवे लागल्यावर मूल काय विचारतं

'फाइंडिंग निमो' सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. माझी भाची तेव्हा साडेचार वर्षांची. मांडीवर पोह्यांची वाटी घेऊन बसली होती. पडद्यावर मार्लिन आणि कोरल हे क्लाउनफिश जोडपं नव्या घरात नुकतंच राहायला आलेलं, खाली खळग्यात चारशेहून जास्त अंडी, आणि पिल्लांची नावं काय ठेवायची यावरून दोघांची लाडीगोडी चाललेली. तेवढ्यात समोर बॅराकुडा. एक झडप, आणि अंधार. मार्लिन शुद्धीवर येतो तेव्हा कोरल नसते, अंडीही नसतात. एकच अंडं उरलेलं असतं आणि त्यालाही बारीकशी चीर गेलेली असते. भाचीने चमचा वाटीत ठेवला.

"मावशी, त्याची आई कुठे गेली?"

माझा हात रिमोटकडे गेला होता. पण चित्रपट थांबवला नाही. "त्या मोठ्या माशाने खाल्लं तिला," मी म्हटलं. ती जरा वेळ पडद्याकडे बघत राहिली. "आणि ते एक अंडं?" "ते बाबांकडे आहे ना." मग तिने चमचा पुन्हा उचलला.

त्या दिवसापासून ओळखीतल्या आईबाबांनी "हा चित्रपट मुलांना दाखवण्यासारखा आहे का?" असं विचारलं की मला तो वाटीत ठेवलेला चमचा आठवतो. विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा एवढंच असतं, की शिव्या नाहीत ना, मारामारी फार नाही ना, शेजारी बसून बघताना अवघडायला होणार नाही ना. ही काळजी रास्तच आहे आणि तिच्यासाठी प्रमाणपत्र असतं. आपल्याकडे सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि जुन्या सरसकट 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग पडले. पूर्वी सहा वर्षांच्या आणि अकरा वर्षांच्या मुलाला एकाच शिक्क्याखाली बसवलं जायचं, आता निदान वयाचा अंदाज तरी येतो. तिकीट काढण्याआधी हा शिक्का जरूर बघावा.

पण शिक्का सगळं सांगत नाही. रिचर्ड अ‍ॅडम्स यांच्या कादंबरीवरचा 'वॉटरशिप डाउन' १९७८ साली आला तेव्हा ब्रिटनच्या चित्रपट प्रमाणन मंडळाने त्याला 'यू', म्हणजे सर्वांसाठी, असा शिक्का दिला होता. सशांची गोष्ट, हाताने काढलेली चित्रं, मग हरकत कसली? प्रत्यक्षात त्यात फासात अडकून गुदमरणारा ससा आहे, रक्ताने माखलेलं शेत आहे, एकमेकांना फाडणारे ससे आहेत. तो लहानपणी बघून घाबरलेली मुलं मोठी झाली, तरी तक्रारी येतच राहिल्या. शेवटी २०२२ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी, त्याचा शिक्का बदलून 'पीजी', म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने, असा झाला.

घोटाळा बहुतेक वेळा 'कार्टून' या शब्दापासून सुरू होतो. "कार्टूनच आहे ना, लाव मग," असं आपण अगदी सहज म्हणतो. अ‍ॅनिमेशन ही गोष्ट सांगायची पद्धत आहे, तिच्यावरून प्रेक्षकाचं वय ठरत नाही. जपानमध्ये १६ एप्रिल १९८८ रोजी स्टुडिओ घिब्लीचे दोन चित्रपट एकाच तिकिटावर जोडीने प्रदर्शित झाले. एक हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर टोटोरो', दुसरा इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. पहिल्यातली मेई चार वर्षांची आहे. तिला झाडाच्या ढोलीत एक गुबगुबीत वनदेव, टोटोरो, भेटतो. दुसऱ्यातली सेत्सुकोही चार वर्षांचीच आहे. कोबे शहरावरच्या बॉम्बहल्ल्यात तिची आई जाते आणि पुढे भावाच्या डोळ्यांदेखत ती उपासमारीने मरते. एकच स्टुडिओ, एकच दिवस, एकाच वयाच्या दोन मुली. दुसरा चित्रपट थोर आहे. मोठ्या माणसांनी तो जरूर बघावा, पण पाच वर्षांच्या मुलाला त्याच्यासमोर बसवू नये.

लहान मुलांना नेमकी कशाची भीती वाटते, हे मोठ्यांना चटकन उमगत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जोआन कँटर यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलं. साधारण सात-आठ वर्षांच्या आतली मुलं दिसण्याला घाबरतात. चेहरा विद्रूप झाला, माणसाचा अचानक हिरवा राक्षस झाला, की तो राक्षस चांगल्या बाजूचा आहे ही माहिती त्यांच्या कामी येत नाही. मोठी मुलं घडू शकणाऱ्या गोष्टींना घाबरतात, म्हणजे अपघात, चोर, आईबाबांचं आजारपण. म्हणूनच एकाच खोलीत बसलेल्या दोन भावंडांना एकाच चित्रपटात दोन वेगळ्या ठिकाणी धडकी भरते. धाकटा चेटकिणीचं नाक बघून उशीत तोंड लपवतो. थोरली मात्र रुग्णालयातून आलेल्या तारेपाशी गप्प होते आणि तिचं गप्प होणं कुणाच्या लक्षातही येत नाही.

मृत्यूचं काय, हा त्यापुढचा प्रश्न. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१४ साली एक अभ्यास आला होता. 'स्नो व्हाइट'पासून 'फ्रोझन'पर्यंत, मुलांसाठीचे सर्वाधिक गल्ला जमवणारे ४५ अ‍ॅनिमेशनपट त्यात मोठ्यांच्या चित्रपटांशी ताडून बघितले होते. महत्त्वाचं पात्र मरण्याचा धोका मुलांच्या चित्रपटांत अडीच पट निघाला, आणि नायकाच्या आईवडिलांच्या बाबतीत तर पाचपटीहून जास्त. म्हणजे मृत्यू टाळून मुलांचे चित्रपट निवडायचे म्हटलं तर हाती फारसं काही उरत नाही. टाळू नये असंच माझं मत आहे. बघायचं ते मृत्यूनंतर चित्रपट काय करतो ते.

१९४२ सालच्या 'बँबी'मध्ये आईला गोळी लागते ती पडद्याबाहेर. बर्फात पाडस हाका मारत फिरतं, वडील दोन वाक्यांत सांगतात की आई आता येणार नाही, आणि लगेच वसंत ऋतू येऊन पाखरं गायला लागतात. चित्रं अप्रतिम आहेत, पण त्या पाडसाला आणि बघणाऱ्या मुलाला रडायला वेळ मिळत नाही. १९९४ सालच्या 'द लायन किंग'मध्ये मुफासा मरतो तेव्हा सिंबा त्याला ढोसून उठवायला बघतो, कान ओढतो, आणि शेवटी बापाच्या पंजाखाली अंग चोरून पडून राहतो. कॅमेरा तिथे थांबतो. आणि 'निमो'चा तर पुढचा सगळा डोलारा त्या पहिल्या पाच मिनिटांवर उभा आहे. मार्लिनची भीती, एक पर लहान असलेल्या पोराला शाळेत पाठवताना त्याचं पावलोपावली अडवणं, हे सगळं तिथून येतं. पुढे समुद्राच्या प्रवाहात कासवाचं पिल्लू बाहेर फेकलं जातं. मार्लिन धावायला निघतो, तर पिल्लाचा बाप त्याला थोपवून धरतो. बघू तर खरं, ते एकटं काय करतंय. पिल्लू हसत परत येतं. तो प्रसंग भाचीला गमतीचा वाटला. तिच्या आईच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं, कारण जूनमध्ये पोरीची शाळा सुरू व्हायची होती. एकाच दृश्यात दोघींना आपापलं काही मिळालं, आणि सोबत बघण्याचं सुख मला यातच दिसतं.

आता 'टोटोरो'. मुलांबरोबर एकच अ‍ॅनिमेशनपट बघायचा असेल तर मी हाच सुचवते. अवघ्या ८६ मिनिटांचा. खलनायक नाही, लढाई नाही, शर्यत नाही. १९५०च्या दशकातलं जपानी खेडं, आई रुग्णालयात, वडील दोन मुलींना घेऊन जुन्या पडक्या घरात राहायला येतात. मेईला अंगणात बूड नसलेली बादली सापडते. ती बादली डोळ्याला लावून ती गवताकडे बघते आणि तिला एक एकॉर्न (ओकचं फळ) दिसतं, मग दुसरं, मग दोन छोटे पांढरे कान. बादली डोळ्याला लावणारं पोर ज्याने मांडी घालून तासन् तास बघितलंय, त्यालाच हे सुचू शकतं.

आणि बसथांब्यावरचा पाऊस. मोठी बहीण सात्सुकी वडिलांची छत्री घेऊन उभी आहे. बस येते, वडील त्यातून उतरत नाहीत. अंधारतं. मेई पेंगायला लागते, सात्सुकी तिला पाठीवर घेते. बाजूने एक बेडूक सावकाश जातो. मग शेजारी कुणीतरी येऊन उभं राहतं. आधी पाय दिसतात, नखं दिसतात, मग डोक्यावर पान ठेवलेला तो अवाढव्य टोटोरो. सात्सुकी त्याला छत्री देते. झाडावरून छत्रीवर टप्पकन एक थेंब पडतो, आणि त्या आवाजाने टोटोरो दचकतो, मग खूश होतो, आणि आणखी थेंब पडावेत म्हणून उडी मारतो. कितीतरी वेळ कुणी काही बोलत नाही. समीक्षक रॉजर इबर्ट यांच्याशी बोलताना मियाझाकींनी टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या. दोन टाळ्यांच्या मधली जी रिकामी जागा, तिला जपानीत 'मा' म्हणतात. बैठकीत विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला ती जागा काय असते हे वेगळं सांगावं लागत नाही. मूल त्या रिकाम्या जागेत शिरतं. भाची त्या वेळी माझ्या दंडाला टेकली होती, आणि थेंब पडला की तिचं बोट माझ्या हातावर टेकायचं.

आणखी एक गोष्ट मला या चित्रपटात फार मोलाची वाटते. मेई टोटोरोबद्दल सांगते आणि कुणाला दाखवायला जाते तर वाटच सापडत नाही. वडील हसण्यावारी नेत नाहीत. ते दोघींना घेऊन त्या जुन्या कापराच्या झाडासमोर जातात आणि नमस्कार करतात. मूल सांगतंय त्यावर मोठ्या माणसाने विश्वास ठेवलेला मुलांच्या चित्रपटांत क्वचितच दिसतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे चित्रपट आपल्या वाट्याला जास्त येतात. दर वीस सेकंदांनी आपटाआपटी, दर मिनिटाला मोठ्यांसाठी टाकलेली कोटी, आणि शेवटी सगळी पात्रं नाचतात. मूल हसतं, हे खरंच आहे. पण बाहेर आल्यावर त्याच्याकडे सांगायला काही नसतं, ते फक्त दमलेलं असतं. 'श्रेक'सारखा चांगला चित्रपटही आपल्या मुलांच्या बाबतीत थोडा अडतो. त्याचे निम्मे विनोद पाश्चात्त्य परीकथांवर आहेत, आणि आल्याच्या बिस्किटाचा माणूस कोण हे सोलापूरच्या पोराला कोण सांगणार? राजकन्या शेवटी सुंदर न होता राक्षसीणच राहते, हे मात्र त्याला बरोबर पोचतं. चित्रपटाची थोरवीही तिथेच आहे.

बोध हा आणखी एक सापळा. "काही चांगलं शिकवतो का?" असं विचारून आपण चित्रपटाला शाळेचा वर्ग करून टाकतो. 'इनसाइड आउट'मध्ये एका मुलीच्या मनातल्या भावनाच पात्रं आहेत. तिचा काल्पनिक मित्र बिंग बाँग याची गाडी दरीत जाते तेव्हा आनंद त्याला गुदगुल्या करते, हसवायला बघते, काही उपयोग होत नाही. दुःख येऊन नुसतं शेजारी बसतं, "तुला ती गाडी आवडायची ना," अशा अर्थाचं काही बोलतं, तो रडतो आणि मग उठून चालायला लागतो. कुणी सुविचार म्हणत नाही. त्यानंतर आठवडाभराने भाची धाकट्या भावाशेजारी, त्याचा फुगा फुटला म्हणून, न बोलता बसलेली मी बघितली.

म्हणून मी काय करते, ते सांगते. जमेल तेव्हा चित्रपट आधी एकटीने बघते, निदान पहिली वीस मिनिटं आणि शेवटची दहा. चित्रपटात कुणी गप्प बसतं का, हे बघते. वाईट पात्र वाईट का आहे हे कळतं का, की फक्त जाडं, काळं किंवा कुरूप आहे म्हणून वाईट ठरवलंय, हे तर आवर्जून बघते. पाच-सहा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा घरीच दाखवावा, दिवे पूर्ण न घालवता, कारण थिएटरचा अंधार आणि आवाज चित्रपटातल्या राक्षसाइतकाच मोठा असतो. थिएटरात न्यायचंच असेल तर कडेची खुर्ची घ्यावी आणि मूल म्हणालं "चल" की उठावं. तिकिटाचे पैसे गेले म्हणून त्याला बसवून ठेवू नये.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. हे चित्रपट त्यांना बहुतेक वेळा हिंदीत किंवा इंग्रजीत भेटतात. गोष्ट मराठीत होते ती रिक्षात, घरी येताना. "तो मासा आंधळा होता का गं?" "त्या म्हातारीला पोरगी सापडली तेव्हा ती रडली का?" मुलांनी अशी उलटसुलट, अर्धवट, मधूनच सुरू केलेली गोष्ट आपण नीट ऐकली, मध्ये सुधारलं नाही, तर चित्रपट त्यांच्या भाषेत येतो. मला एखाद्या चित्रपटाबद्दल मत द्यायचं असलं की मी तो बघून आलेल्या मुलाला "आवडला का?" असं विचारत नाही. सगळेच 'हो' म्हणतात. "काय झालं मग?" असं विचारते आणि थांबते.

या वर्षी जूनच्या पहिल्या पावसात भाची आमच्याकडे होती. मागच्या दाराशी पागोळ्या गळत होत्या. तिने परसातलं अळूचं एक मोठं पान तोडून आणलं, डोक्यावर धरलं, आणि छपराच्या कडेखाली जाऊन उभी राहिली. "मावशी, ये ना," म्हणाली. "पण बोलू नकोस."