पासांची खतावणी

१ जुलै २०१८ रोजी मॉस्कोच्या लुझ्निकी मैदानावर स्पेनच्या खेळाडूंनी यजमान रशियाविरुद्ध १२० मिनिटांत एक हजाराहून अधिक पास दिले, आणि तरीही विश्वचषकातून बाहेर पडण्याची पाळी त्यांच्यावरच आली. स्पेनच्या नावे जमा झालेला एकुलता एक गोलही सेर्गेई इग्नाशेविच या रशियन बचावपटूच्या पायाला लागून जाळ्यात गेलेला होता; रशियाने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि शूटआउटमध्ये ४-३ अशी सरशी मिळवली. ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना हे पास कोठे दिले जात होते ते आठवत असेल: गोलापासून दूर, या अंगाकडून त्या अंगाकडे आणि पुन्हा माघारी, तर पलीकडे रशियाची पाच जणांची बचावफळी आपल्या गोलक्षेत्रापाशी ठाण मांडून उभी.

असा हिशेब ठेवण्याची प्रथा आजची नव्हे. ब्रिटिश हवाई दलाच्या हिशेबखात्यात अधिकारी असलेले चार्ल्स रीप १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाउनचा सामना पाहावयास गेले असता, पूर्वार्धातील निष्फळ चढाया पाहून अस्वस्थ झाले आणि मध्यंतरानंतर वही-पेन्सिल काढून प्रत्येक चढाईची नोंद करू लागले. पुढे अनेक वर्षे त्यांनी हे दप्तर निष्ठेने चालविले. १९६८ साली बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञाच्या सहकार्याने त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील नोंदींनुसार शंभरांपैकी सुमारे ८० गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चढायांतून झालेले होते. तेव्हा फार पास न देता चेंडू लांबवर पुढे धाडावा, असा अर्थ त्यातून काढला गेला, आणि इंग्लिश फुटबॉलवर त्याचा दीर्घकाळ पगडा राहिला. परंतु त्याच दप्तरात शंभरांतील नव्वदांहून अधिक चढाया मुळातच तितक्या आखूड होत्या! म्हणजे उरलेल्या, संख्येने दहांहूनही कमी असलेल्या लांब चढायांनी वीसच्या आसपास गोल मिळवून दिले होते. दर चढाईमागे हिशेब केला तर लांब चढाईच दुपटीहून अधिक फलदायी ठरते. रीप यांच्या परिश्रमांविषयी माझ्या मनात आदरच आहे; परंतु उत्पन्नाचा आकडा मांडताना एकूण पेरा किती होता हे पाहावयाचे राहून गेले.

म्हणून अलीकडचे विश्लेषक मैदानाचे लहान लहान चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनातून गोल होण्याचा संभव किती हे पूर्वीच्या सामन्यांवरून ठरवितात, आणि एखाद्या पासाने तो संभव किती वाढला यावरून त्या पासाचे मोल करतात. बचावपटूने शेजारच्या सहकाऱ्याकडे सरकविलेला चेंडू शंभर टक्के अचूक असूनही या हिशेबात जवळजवळ शून्य भरतो. उलट दोन बचावपटूंच्या फटीतून गोलक्षेत्रात सोडलेला पास चारदा अडविला गेला तरी पाचव्या खेपेस सारी भरपाई करतो.

ड्रिब्लिंगला हाच न्याय अधिक काटेकोरपणे लावावा लागतो. आपल्याच गोलासमोर प्रतिस्पर्ध्याला चकविण्याच्या नादात चेंडू गमावणारा संघाला संकटात लोटतो. पण प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्राच्या कडेला दहांपैकी सहा वेळा फसणारा आघाडीपटू उरलेल्या चार वेळी एकेक बचावपटू मागे टाकतो, त्याच्या मदतीस दुसऱ्याला धावावयास लावतो, आणि त्या दुसऱ्याने सोडलेली जागा आपल्या सहकाऱ्यास मोकळी करून देतो. टक्केवारीत तो सामान्य ठरेल; मी मात्र त्याला संघातून वगळणार नाही.

२२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर अर्जेंटिनाच्या एक्तोर एन्रिके याने स्वतःच्या अर्धभागात दिएगो माराडोनाकडे एक साधा, आखूड पास दिला. माराडोनाने तेथून वळून इंग्लंडच्या खेळाडूंना एकामागून एक चकवीत थेट गोलरक्षक पीटर शिल्टनपर्यंत मजल मारली, त्यालाही बगल दिली आणि चेंडू जाळ्यात लोटला. खतावणीत एन्रिकेच्या नावापुढे गोलास कारणीभूत पास म्हणून एकाची नोंद आहे, आणि नियमानुसार ती रास्तच आहे.