रुळांशेजारचं कलासंग्रहालय : विषय असतो, प्रश्न कुठून आणायचा?



पेट पास झाल्यावर बहुतेकांचा एकच मेसेज येतो : "ताई, विषय ठरलाय, पण प्रश्न सापडत नाही." याच जागी मी स्वतः जवळपास सात महिने अडकून पडले होते, म्हणून आज त्याबद्दल लिहिते.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं, 'जुन्या रेल्वे जागांचे कलासंग्रहालयांत रूपांतर : एक अभ्यास'. ऐकायला छान वाटतं ना? आरआरसीने तो परत पाठवला. गाईड मॅडमनी शीर्षकाखाली पेन्सिलने एक ओळ लिहिली, "यात तुला नक्की काय माहीत नाहीये?" मला राग आला. वीस पानं लिहिली होती मी! पण घरी येऊन ती वीस पानं पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आलं की त्यात माहिती भरपूर होती आणि प्रश्न एकही नव्हता.

म्हणून आज एकच इमारत घेऊ, आणि तिच्यातून प्रश्न कसा निघतो ते पायरी पायरीने बघू.

आधी गोष्ट

स्वित्झर्लंडमध्ये लेमान सरोवराच्या काठी लोझान नावाचं शहर आहे. ती वो या कॅन्टनची राजधानी (कॅन्टन म्हणजे साधारण आपल्या राज्यासारखा घटक). तिथलं सरकारी कलासंग्रहालय वर्षानुवर्षं पाले द र्युमिन या भव्य जुन्या इमारतीत, इतर संस्थांच्या शेजारी दाटीवाटीने राहत होतं. जागा कमी पडायची. मग सरोवराच्या काठी, बेलरीव्ह इथे नवी इमारत बांधायचं ठरलं. स्पर्धा झाली, आराखडाही निवडला गेला. पण २००८ साली लोकांचं मत घेतलं, तेव्हा कॅन्टनच्या मतदारांनी तो प्रकल्प नाकारला.

त्यानंतर शोध सुरू झाला दुसऱ्या जागेचा. ती मिळाली लोझान स्टेशनला अगदी खेटून. रेल्वेचे १९११ सालचे इंजिन शेड तिथे उभे होते. पुन्हा स्पर्धा झाली आणि २०११ मध्ये बार्सिलोनाच्या फाब्रित्सिओ बारोत्सी आणि आल्बेर्तो वेइगा यांचा आराखडा जिंकला. बांधकाम २०१६ ला सुरू झालं, आणि २०१९ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडलं. पुढे २०२२ मध्ये त्याच आवारात फोटोग्राफी आणि डिझाइन या विषयांच्या दोन संग्रहालयांची मिळून एक इमारत झाली, तिचे वास्तुकार पोर्तुगालचे आयरेस मातेउस बंधू. सगळ्या परिसराला नाव दिलं 'प्लॅटफॉर्म १०', म्हणजे स्टेशनच्या फलाटांना जोडून आलेला पुढचा फलाट.

इथपर्यंत जे लिहिलं ती नुसती माहिती. माझ्या वीस पानांत हेच होतं.

आता नकाशा उघडा

बारोत्सी-वेइगांची इमारत म्हणजे राखाडी विटांचा एक लांबट ठोकळा. लांबी सुमारे १४५ मीटर, म्हणजे आपल्या गाडीचे सहा-साडेसहा डबे एकामागे एक लावले तर होतील एवढी. हा ठोकळा जागेच्या दक्षिण कडेला, रुळांना समांतर ठेवलाय. त्यामुळे उत्तरेकडे मोठा मोकळा चौक तयार झाला. रुळांकडची बाजू जवळजवळ बंद भिंत आहे. चौकाकडच्या बाजूला विटांच्या उभ्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्या मधून खिडक्या. सगळ्यात वरच्या मजल्यावर करवतीच्या दात्यांसारखं छत आहे, कारखान्यांना असतं तसं, आणि त्यातून दालनांत वरून उजेड येतो.

आणि जुने शेड? त्यांचा बहुतेक भाग पाडला. त्यातली एक मोठी कमानदार खिडकी मात्र ठेवली. बंद दक्षिण भिंतीतून ती रुळांच्या दिशेने पुढे आलेली दिसते. आतून बघितलं तर ती प्रवेशदालनात आहे, त्याच दालनात ज्युसेप्पे पेनोने यांचं झाडाचं मोठं शिल्प उभं आहे.

आता थांबा. इथे तुम्हाला काहीतरी खटकायला हवं. मला खटकायला सहा महिने लागले, तुम्हाला तेवढे लागू नयेत.

अख्खी इमारत पाडली आणि एक खिडकी ठेवली. का? आणि ती एक खिडकी म्हणजे जुन्या जागेची आठवण आहे, की अंगणात ठेवलेल्या पितळी बंबासारखी शोभेची वस्तू?

बघा, प्रश्न इथे जन्मतो. विषयाच्या मध्यात तो सहसा सापडत नाही, दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत त्या फटीत तो असतो.

पहिलं उत्तर नेहमी तांत्रिक असतं, ते आधी तपासा

मी लगेच 'स्मृती', 'वारसा', 'ओळख' असे मोठे शब्द लिहायला घेतले होते. मॅडम म्हणाल्या, "आधी उजेडाचं बघ."

आणि खरंच, बऱ्याच गोष्टी तिथेच सुटतात. कागदावरची चित्रं, जलरंग, छायाचित्रं यांच्यासाठी साधारण ५० लक्स उजेडाची मर्यादा पाळतात. तैलचित्रांना त्याच्या तिप्पट-चौपट चालतो. बाहेर भर दुपारी उन्हात उजेड लाखाच्या आसपास असतो. म्हणजे संग्रहालयात उजेड आणण्याइतकंच तो अडवण्याचंही काम असतं. लोझान साधारण साडेसेहेचाळीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो. म्हणजे दक्षिण भिंत बंद ठेवली की थेट ऊन अडतं, त्याच भिंतीने रुळांचा आवाजही अडतो. उत्तरेकडून येणारा उजेड शांत, एकसारखा असतो. करवती छताचा उगमही असाच : कामगाराच्या डोळ्यांवर ऊन न येता हातातलं काम दिसावं, म्हणून कारखान्यांनी ते वापरलं.

मग जुने शेड पाडण्याचं एक कारण कळतं. इंजिनं आत घ्यायला, धूर बाहेर सोडायला बांधलेली ती जागा. तिथे तापमान, दमटपणा, उजेड काटेकोर सांभाळायचा, आणि शिवाय पुढे चौक मोकळा हवा, हे सगळं एकत्र बसवणं अवघड.

इथे एक इशारा. तुम्ही मुंबईत बसून हे वाचताय आणि लिहून टाकाल की 'उत्तरेचा उजेड संग्रहालयासाठी योग्य'. मुंबई एकोणीस अंशावर आहे! साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. लोझानचं छत उचलून परळला ठेवलं, तर मेमध्ये त्याच उत्तरेच्या काचांतून ऊन आत येऊ शकेल. निष्कर्ष एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना त्यामागची अटही सोबत न्यावी लागते. व्हायवाला हेच विचारतात.

मग तुलना, पण कुणाशी?

तांत्रिक कारणांनी शेड पाडणं समजलं. पण मग दुसरीकडे स्टेशनं जशीच्या तशी ठेवून संग्रहालयं झालीच ना? झाली. म्हणून तुलना लागते.

पॅरिसचं गार दॉर्से घ्या. व्हिक्टर लालू यांनी बांधलेलं हे स्टेशन १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी सुरू झालं. पुढे गाड्या लांब झाल्या, फलाट आखूड पडले, आणि १९३९ पर्यंत लांब पल्ल्याची वाहतूक तिथून गेली. नंतर ते पाडून तिथे हॉटेल बांधायचा बेत होता. दरम्यान पॅरिसच्या जुन्या मंडईचे, ले आलचे, लोखंडी मंडप १९७१ मध्ये पाडायला घेतले, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि एकोणिसाव्या शतकातल्या इमारतींकडे बघण्याची नजर बदलली. १९७८ मध्ये स्टेशनला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९८६ मध्ये तिथे म्युझे दॉर्से उघडलं.

स्टेशन वाचलं. पण चित्रांचं काय? मधला हॉल १३८ मीटर लांब, ३२ मीटर उंच, वर काचेचं छत. एवढ्या पोकळीत हातभर चित्र हरवून जातं. म्हणून गाए आउलेंती यांनी हॉलच्या आत दगडी भिंतींची जणू दुसरी इमारतच उभारली. त्यावर तेव्हा बरीच टीकाही झाली. म्हणजे लोझानने जे बाहेर केलं, ते ऑर्सेला आत करावं लागलं.

तिसरं उदाहरण बर्लिनचं हाम्बुर्गर बानहोफ. १८४७ च्या सुमाराचं स्टेशन, १८८४ मध्ये वाहतुकीला बंद, १९०६ पासून वाहतूक संग्रहालय. महायुद्धानंतर गंमत अशी, की इमारत पश्चिम बर्लिनमध्ये आणि ताबा पूर्व जर्मनीच्या रेल्वेकडे, असं १९८४ पर्यंत चाललं. १९९६ मध्ये योसेफ पाउल क्लाइहुएस यांनी केलेल्या बदलांनंतर तिथे समकालीन कलेचं संग्रहालय सुरू झालं. तिथे मोठ्या मांडणशिल्पांना तो उंच हॉल उलट उपयोगी पडतो.

दिसतंय का काही? इमारत ठेवायची की पाडायची, हे फक्त इमारतीवर ठरत नाही. आत कोणती कला ठेवायची आहे, कोणत्या काळात निर्णय झाला आणि कुणाला नकार द्यायचा अधिकार होता, यावरही ठरतं. आता तुमच्याकडे तीन घटक आले. 'एक अभ्यास' मध्ये शून्य होते.

यशस्वी इमारतींचा सापळा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे होती. मी फक्त झालेली संग्रहालयं निवडली होती. जी झाली नाहीत, ती यादीतच नव्हती.

लंडनच्या यूस्टन स्टेशनची प्रचंड कमान १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विरोधाला न जुमानता पाडली. ती गेली, म्हणून 'रूपांतरा'च्या कुठल्याच पुस्तकात तिचं प्रकरण नसतं. तसंच बेलरीव्हचं न बांधलेलं संग्रहालय. २००८ चा तो नकार बाजूला ठेवला, तर स्टेशनशेजारची जागा जणू सुरुवातीपासून आदर्शच होती असं वाटायला लागतं. ती दुसरी पसंती होती. फक्त वाचलेल्यांना विचारून अपघाताचं कारण कळत नाही.

म्हणून नियम एकच : तुमच्या निवडीत निदान एक 'न झालेलं' प्रकरण घ्या.

पुरावा कुठला, आणि तो काय सांगू शकतो?

मी लोझानला अजून गेलेले नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज केलाय, बघू. पण घरी बसून काय म्हणता येईल आणि काय नाही, याची मी वहीत दोन रकाने करून यादी केली.

नकाशे आणि छेदचित्रांवरून मांडणी, मापं, उजेडाची दिशा सांगता येते. स्पर्धेच्या परीक्षकांच्या अहवालावरून त्यांनी कशाला महत्त्व दिलं ते कळतं. वर्तमानपत्रांवरून आणि मतदानाच्या प्रचारसाहित्यावरून विरोधकांचे मुद्दे कळतात. वास्तुकारांच्या निवेदनावरून मात्र एवढंच कळतं, की वास्तुकार काय म्हणाले. त्यांनी 'खिडकी म्हणजे स्मृती' असं म्हटलं तर तो दावा आहे. आपण तो 'दिसून येते' असं लिहून निष्कर्ष म्हणून उतरवतो. हे करू नका. मी पाच ठिकाणी केलं होतं, मॅडमनी पाचही ठिकाणी गोल केले.

आणि लोक त्या खिडकीपाशी थांबतात का, तिच्यातून गाड्या बघतात का, शेडमध्ये काम केलेल्या माणसाला किंवा त्याच्या मुलीला ती बघून काय वाटतं, हे गेल्याशिवाय कळणार नाही. तोवर त्या रकान्यात रिकामी जागा. रिकामी जागा ठेवायला लाजायचं नाही.

तर मग प्रश्न

पहिला खर्डा : रेल्वे जागांचं कलासंग्रहालयांत रूपांतर कसं होतं? (पुस्तक होईल, पीएचडी नाही.)

दुसरा खर्डा : लोझानमध्ये जुने शेड का पाडले? (उत्तर एका प्रकरणात संपतं.)

तिसरा : जुन्या रेल्वे इमारतीचा किती भाग ठेवायचा हा निर्णय संग्रहाच्या गरजांवर जास्त ठरतो, की निर्णयात भाग घेणाऱ्या लोकांच्या दबावावर? लोझान, पॅरिस आणि बेलरीव्हचा नाकारलेला प्रस्ताव यांची तुलना.

हा तिसरा प्रश्न आरआरसीने मान्य केला. कारण याचं उत्तर माझ्या मनाविरुद्ध येऊ शकतं. मला वाटतं लोकांचा दबाव महत्त्वाचा. पण परीक्षकांच्या कागदपत्रांत सगळीकडे फक्त उजेड, जागा आणि खर्चच निघाला, तर मी चुकले असं मलाच लिहावं लागेल. चूक ठरण्याची ही सोय ज्या प्रश्नात नाही, तो प्रश्न नसून मत असतं.

आता तुमची पाळी. तुमच्या विषयातलं एकच उदाहरण घ्या. तुम्हाला रेल्वेच हवी असेल तर लांब जायला नको, कुर्डुवाडीचा नॅरोगेजचा वर्कशॉप आहे, विदर्भातली शकुंतला आहे. त्यातली न जुळणारी एक गोष्ट शोधा आणि ती एका वाक्यात लिहा. मग त्याखाली पेन्सिलने लिहा : "यात मला नक्की काय माहीत नाहीये?"

उत्तर दोन ओळींत आलं, तर तुमचा सिनॉप्सिस सुरू झाला समजा.

पुढच्या लेखात साहित्य आढावा, म्हणजे तीस पेपर वाचून तीस परिच्छेद का लिहायचे नाहीत, ते बघू. तोवर अभ्यास चालू ठेवा, आणि गाईडवर रागावलात तरी पेन्सिलची ओळ खोडू नका.