परके जीव (भाग ६) : लाल खेकड्यांच्या बेटावरची वेडी मुंगी

मागच्या भागात ग्वाम बेटावरचे पक्षी संपवणारा तपकिरी साप पाहिला. आजचा जीव जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा आहे, पण त्याने केलेल्या नासाडीचे धागे उलगडायला जास्त वेळ लागतो.

जावाच्या दक्षिणेला साधारण ३५० किलोमीटरवर हिंदी महासागरात ख्रिसमस बेट आहे. ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं, १३५ चौरस किलोमीटरचं. तिथल्या जंगलाची राखण लाल खेकडे करतात. पडलेला पाला, फळं, नुकती उगवलेली रोपं, सगळं ते खातात, त्यामुळे झाडांखालची जमीन मोकळी राहते. पावसाळा सुरू झाला की कोट्यवधी खेकडे अंडी सोडायला समुद्राकडे निघतात.

पिवळी वेडी मुंगी इथे १९१५ ते १९३४ च्या दरम्यान कधीतरी जहाजातून आली. सैरावैरा धावते, म्हणून वेडी. पन्नासहून अधिक वर्षं तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. १९८९ मध्ये तिची पहिली महावसाहत सापडली. महावसाहतीत राण्या असंख्य असतात आणि वारुळं एकमेकांशी भांडत नाहीत, म्हणून मुंग्यांचा थर पसरतच जातो. २००२ पर्यंत अशा वसाहतींनी सुमारे २५०० हेक्टर, म्हणजे जंगलाचा जवळपास चौथा हिस्सा व्यापला होता.

ही मुंगी डंख मारत नाही, फॉर्मिक आम्ल फवारते. खेकड्याचे डोळे जातात, आणि एक-दोन दिवसांत तो मरतो. एक कोटीहून अधिक खेकडे असे गेले. समुद्राकडे निघालेले खेकडे वाटेतल्या वसाहतींत मेले, त्यामुळे जिथे मुंगी पोचलीच नव्हती तिथली जंगलंही खेकड्यांविना ओस पडली. या हानीचा हा भाग मला सर्वांत भयंकर वाटतो. खेकडे गेले तशी रोपं माजली, पाला साचला आणि परक्या आफ्रिकन गोगलगायींना वाट मोकळी झाली.

एवढ्या मुंग्यांना पोसलं कुणी? झाडांवरच्या खवले किडीने. तीही बाहेरूनच आलेली, आपल्या गोंदियाकडे पळसावर वाढवतात त्या लाखेच्या किड्याची भाऊबंद. ती झाडाचा रस शोषते आणि गोड, चिकट द्रव सोडते. मुंग्या तो पितात आणि किडीला सांभाळतात. उरलेल्या चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि झाडांचे शेंडे वाळतात. दोन परके एकमेकांना पोसत राहिले.

२००२ मध्ये हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं, २००९ मध्ये पुन्हा टाकलं. मुंग्या घटल्या आणि परत वाढल्या. अखेर वर्षानुवर्षांच्या चाचण्यांनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये मलेशियातला जेमतेम दोन मिलिमीटरचा एक परोपजीवी मित्रकीटक बेटावर सोडला गेला. तो खवले किडीच्या अंगातच अंडी घालतो, म्हणजे घाव मुंगीवर न घालता तिच्या अन्नावर घालतो. बाहेरून आणखी एक जीव आणणं धोक्याचंच, पण तो इतर कीटकांच्या वाटेला जात नाही ना, हे आधी तपासलं होतं. दर काही वर्षांनी जंगलावर विष ओतण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

पुढच्या आठवड्यात प्रशांत महासागरातलं जॉन्स्टन बेट पाहू. हीच मुंगी तिथून पूर्णपणे हटवण्यात यश आलं.