जवळपास काहीच नसलेलं पाणी

बाटली तीनदा विसळायची. पाणी घ्यायचं, झाकण लावून खळाखळा हलवायचं, ओतून द्यायचं. परत घ्यायचं, परत ओतायचं. तिसऱ्यांदाही तेच. ओतायचं मात्र प्रवाहाच्या खालच्या अंगाला, आपण भरतो त्या जागेच्या वर कधीच नाही. मग चौथ्यांदा जे भरेल तो नमुना.

ओढ्यात रबरी बूट घालून उभ्या असलेल्या त्या बाई हे सगळं इतक्या सवयीनं करत होत्या की त्यांचं बोलणंही मध्ये तुटत नव्हतं. मला आजी आठवली. कृष्णेच्या घाटावर घागर घासून झाली की तीही तीनदाच खंगाळायची आणि पाणी खालच्या अंगालाच फेकायची. तिला कुणी नमुना घ्यायला शिकवलं नव्हतं. मी झाकण धरायला हात पुढं केला, तर बाईंनी मान हलवली. झाकण त्यांच्याच दोन बोटांत, हातमोज्यात, तोंड जमिनीकडं करून धरलेलं. "तुमच्या बोटांवरच्या घामात या ओढ्यापेक्षा जास्त मीठ आहे," त्या म्हणाल्या. अपमान वाटावा असं वाक्य होतं, पण मला ते फार आवडलं.

मी तिथं गेलो त्याला कारण एक आलेख. ओरेगन राज्यातल्या कॉर्व्हॅलिसला विद्यापीठात एक मित्र आहे. त्याच्याकडं गेलो असताना संगणकाच्या पडद्यावर एक रेघ दिसली. डावीकडं १९६८ साल, तिथून उजवीकडं आजपर्यंत. रेघ तळाला चिकटून चाललेली, मध्येच कुठंतरी किंचित डोकं वर काढून पुन्हा झोपलेली. मी विचारलं, यंत्र बंद पडलंय का? तो म्हणाला, नाही, हे जंगलातल्या ओढ्याचं नायट्रेट आहे. लिटरला ०.०१ मिलिग्रॅम नायट्रोजन, बहुतेक वेळा त्याहूनही कमी.

०.०१ ऐकून मी गप्प झालो. बी.एस्सी. झाल्यावर वर्षभर मी गावाकडच्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. काम म्हणजे मुख्यतः बाटल्या धुणं. शेतकरी विहिरीचं पाणी शीतपेयाच्या बाटलीतून आणायचे, तळाशी कधी साखरेचा चिकटा असायचा, आणि आम्ही तेही तपासून शिक्का मारून द्यायचो. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. नुसत्या नायट्रोजनच्या भाषेत सांगायचं तर सुमारे १०. उसाच्या पट्ट्यातल्या कितीतरी विहिरी ४५ च्या वर असायच्या. त्यात आमच्या मामाचीही एक. म्हणजे जे पाणी आम्ही 'पिण्यास योग्य' म्हणून सही करून द्यायचो, त्यातसुद्धा या ओढ्याच्या हजारपट नायट्रोजन असू शकत होता. हजारपट! हे जवळपास काहीच नसलेलं पाणी पन्नासहून अधिक वर्षं कुणीतरी मोजत बसलंय, हे मला बघायचं होतं.

जागेचं नाव एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक वन. युजीन शहराच्या पूर्वेला कॅस्केड पर्वताच्या पश्चिम उतारावर, सुमारे ६,४०० हेक्टर. २०२२ चा ऑक्टोबर होता. पाऊस महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आलाच नव्हता. आला तेव्हा दरीतला वणव्याचा धूर बसला. मॅकेंझी नदीच्या काठानं गाडी चालवताना ब्लू रिव्हर गाव लागलं. २०२० च्या सप्टेंबरमधल्या आगीत ते जवळजवळ पूर्ण जळालं होतं. काही ठिकाणी नुसती धुराडी उभी होती. त्यानंतर लगेच जंगलात शिरलो आणि उजेड कमी झाला.

या रानाला 'जुनं' का म्हणतात ते आत उभं राहिल्यावरच कळतं. डग्लस फरची झाडं ५०० वर्षांच्या घरातली, काही ७५ मीटरहून उंच. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधी रुजलेली. त्यांच्या खाली सावलीत वाढणारे हेमलॉक, सीडर, त्याखाली नेचे, आणि आडवी पडलेली खोडं, माणसाच्या छातीएवढ्या जाडीची, ज्यांच्यावर नवी रोपं ओळीनं उगवलेली. १९४८ साली हे वन संशोधनासाठी राखलं तेव्हा हेतू मात्र वेगळा होता. ही म्हातारी झाडं तोडून तिथं जोमदार तरुण लागवड कशी करावी, रस्ते कसे काढावेत, हे शिकायचं होतं. वनखात्याच्या तेव्हाच्या नजरेत जुनं रान म्हणजे सडत चाललेलं भांडवल.

त्यासाठी त्यांनी छोटी छोटी पाणलोट खोरी निवडली आणि नंबर दिले. काही तोडायची, काही तशीच ठेवायची, आणि दोन्हींतून वाहणारं पाणी मोजत राहायचं. एक नंबरचं खोरं १९६२ ते ६६ मध्ये पूर्ण साफ केलं. दोन नंबरला हात लावला नाही. दहा नंबर १९७५ मध्ये तोडलं, शेजारचं नऊ नंबर राखलं. रसायनांची मोजणी १९६८ पासूनची. आज मागं वळून पाहिलं तर संशोधकांना अडलेल्या वेळी ज्या खोऱ्यांचा आधार मिळाला ती 'काहीही न केलेली' खोरी. काही न करण्याचा खर्च कुठल्या खात्यात दाखवायचा हा प्रश्न मात्र तसाच आहे. पैसे सहा सहा वर्षांच्या अनुदानानं येतात आणि दर वेळी 'आम्ही अजून मोजतोय' हे नव्या शब्दांत लिहावं लागतं. बाईंनी हे हसत सांगितलं, पण हसू फार टिकलं नाही.

ओढ्यावर एक फ्लूम आहे, आपल्या पाटबंधारे खात्याच्या कालव्यांवर असतो तसा, पाणी एका ठरावीक मापाच्या चिंचोळ्या वाटेनं सोडणारा. बाजूला टपरी. टपरीत एक खोल नळा, त्यात पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता गोळा. पूर्वी त्याला निब जोडलेली असायची आणि घड्याळावर फिरणाऱ्या कागदावर शाईची रेघ उमटायची. आता आकडे थेट यंत्रात जातात. टपरीचं दार उघडलं की वास येतो. ओलं लाकूड, उंदीर, यंत्राचं तेल आणि थंड लोखंड. आमच्या गावच्या पंपाच्या खोलीचा वास हुबेहूब असाच. एकटा तो वास मला त्या जंगलात परका न वाटणारा होता, आणि आजही अँड्र्यूज म्हटलं की आधी झाडं नाही, टपरी आठवते.

तिथली खरी गंमत म्हणजे नमुना घेणारा पंप. तो ठरावीक वेळानं पाणी घेत नाही. ओढ्यातून ठरावीक पाणी वाहून गेलं की एक घोट घेतो. ओढा सुस्त असेल तर दिवसात थोडेच घोट, पूर आला तर घोटामागून घोट. सगळे घोट एकाच मोठ्या बाटलीत, थंडाव्यात साठतात. दर तीन आठवड्यांनी ही बाटली नीट हलवून तिच्यातून नमुना काढायचा, नवी बाटली लावायची. दर तीन आठवड्यांनी. बर्फ असो, दरड असो, नाताळ असो. बाई हे 'दर तीन आठवड्यांनी' इतक्या वेळा म्हणाल्या की शेवटी मला तो त्यांचा महिनाच वाटायला लागला.

माझ्यातला बाटल्या धुणारा जागा झाला. मी म्हटलं, तीन आठवड्यांचं पाणी एकत्र केलं तर मधल्या एखाद्या रात्रीच्या पुरात काय वाहून गेलं ते कसं कळणार? नाही कळत, त्या म्हणाल्या. एकूण किती गेलं ते कळतं, केव्हा गेलं ते नाही. दुसरी अडचण त्यांनी स्वतःहून सांगितली. पाण्यात इतकं कमी असतं की कितीतरी नोंदी 'यंत्राच्या मर्यादेखाली' अशा येतात. त्यांची सरासरी कशी काढायची? शून्य धरायचं, की मर्यादेच्या निम्मं? पन्नास वर्षांत यंत्रं बदलली, पद्धती बदलल्या. आलेखात एखादी पायरी दिसली की ओढा बदलला की प्रयोगशाळा, हे आधी तपासावं लागतं. हे ऐकून माझा विश्वास वाढला. शिक्का मारणाऱ्या प्रयोगशाळेत असली चर्चा मी एकदाही ऐकली नव्हती.

बाकीचे टप्पे झटपट उरकले. गाळणीतून पाणी काढणं, बाटल्यांवर नंबर, बर्फाच्या पेटीत रवानगी, कॉर्व्हॅलिसची प्रयोगशाळा. तिथं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, सिलिका, फॉस्फरस आणि नायट्रोजनचे सगळे अवतार.

या अवतारांतच खरी गोष्ट दडली आहे. जुन्या रानाच्या या ओढ्यांतून जो थोडाफार नायट्रोजन जातो, त्यातला बराचसा नायट्रेट नसतोच. तो विरघळलेल्या सेंद्रिय रूपात जातो, पानं, लाकूड, मुळं कुजून झालेल्या अर्कात बांधलेला. झाडांना आणि मातीतल्या जिवाणूंना हवं ते नायट्रेट ते ओढ्यापर्यंत पोचूच देत नाहीत. जे सुटतं ते त्यांना सहज पचत नाही म्हणून सुटतं. आणि ते सुटतं बहुधा पावसाळ्याच्या सुरुवातीला, मोठे पूर यायच्या आधी. उन्हाळाभर जमिनीवर साचलेला हा काढा पहिल्या पावसांबरोबर निघून जातो. इथं वर्षाचा पाऊस खालच्या भागात २,३०० मिलिमीटर, मुंबईच्या आसपास, पण नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. आपल्याकडं ओढ्याला आलेलं पहिलं पाणी पिऊ नये म्हणतात. तेच झालं, फक्त इथं ते गढूळ नसतं. डोळ्याला काहीच दिसत नाही.

यात नवल काय? तर बराच काळ पाठ्यपुस्तकांत जंगलाच्या ओढ्याचं जे चित्र होतं ते युरोप आणि अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांवरून काढलेलं होतं. तिथला पाऊसच कारखान्यांच्या आणि गाड्यांच्या धुरानं नायट्रोजननं भरलेला. २००२ मध्ये चिली आणि अर्जेंटिनातल्या सुमारे शंभर प्रदूषणमुक्त जुन्या जंगलांच्या ओढ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि तिथंही हेच निघालं: नायट्रोजन जातो तो मुख्यतः सेंद्रिय रूपात. म्हणजे ज्याला आपण 'नैसर्गिक' समजत होतो ते आधीच खत घातलेलं जंगल होतं. अँड्र्यूजवर पावसातून नायट्रोजन पडतो हेक्टरी सुमारे दोन किलो, वर्षाला. युरियाचं अख्खं पोतंसुद्धा नाही. आजारी माणसांचाच ताप मोजत बसलो तर निरोगी अंग किती गरम असतं ते कळणार कसं? त्यासाठी असा एखादा कंटाळवाणा ओढा लागतो.

मग ही एवढी झाडं जगतात कशावर? बाईंनी वाटेवरून एक हिरवट, कोबीच्या फाटक्या पानासारखं काहीतरी उचलून माझ्या हातात दिलं. हे मात्र हाताळायला परवानगी होती. लोबारिया नावाचं दगडफूल. उंच फांद्यांवर वाढतं, हवेतला नायट्रोजन बांधतं, वादळात खाली पडून कुजतं. सत्तरच्या दशकात विल्यम डेनिसन गिर्यारोहकांच्या दोऱ्या लावून याच जंगलातल्या झाडांवर चढले, तेव्हा हे वर किती आहे ते नीट मोजलं गेलं. तरुण लागवडीत ते फारसं दिसत नाही. त्याला वस्ती करायला शंभर-दीडशे वर्षांचं झाड लागतं.

मी ओंजळीत पाणी घेणार तेवढ्यात बाईंनी थांबवलं. पिऊ नका, जियार्डिया असतो. ०.०१ चं पाणी, आणि पिण्यास अयोग्य! मला हसू आवरेना.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या ५ ऑगस्टला, वीज पडून इथं आग लागली. लुकआउट आग असं तिचं नाव. अँड्र्यूज वनाचा सुमारे ७० टक्के भाग तिच्या घेऱ्यात आला. बातमी वाचताना मला ती टपरी आठवली आणि तिच्या दारामागचा तेलाचा वास. आग कशी पसरली, कुठवर गेली, याचे नकाशे निघाले. त्यात ५५ वर्षांची ती झोपलेली रेघ कुठंच नव्हती. आगीनंतर पाण्यात काय वाढलं हे आता जो कुणी सांगेल, तो त्या रेघेशी ताडूनच सांगेल. आगीनंतर मोजायला सगळेच येतात. आगीच्या आधी, काहीच घडत नसताना, दर तीन आठवड्यांनी कोण गेलं होतं एवढंच मी विचारीन.

त्या ऑक्टोबरच्या रात्री घरी पोचून मी मामाला फोन लावला होता. तिकडं सकाळ, मामा रानात निघालेला. मी सगळं सांगितलं, टपरी, पंप, ०.०१. मामानं शांतपणे ऐकून घेतलं.

"तितं पिकतंय काय मग?" त्यानं विचारलं.

मी बाईंचा एक फोटो पाठवला. नारिंगी कोट घालून त्या एका बुंध्याला टेकून वहीत नोंद करताना. कोट बुंध्यापुढं टिकलीएवढा दिसत होता. बराच वेळ काही उत्तर नाही. मग परत फोन.

"आनि खत?"

"दगडफूल," मी म्हटलं.

"मसाल्यातलं?"

"त्याच्याच भावकीतलं."

पलीकडं मामा कुणाला तरी मोटर बंद करायला सांगत होता.