विहिरीचं पाणी उतरेपर्यंत

पहाटेचे साडेचार वाजलेत. जिन्याच्या तोंडाशी उभा राहून मी टॉर्च खाली धरतो. नववी पायरी पाण्याखाली आहे. चौदा पायऱ्यांचा हा जिना बाबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलाय, प्रत्येक पायरी सात इंचांची. आठ पायऱ्या कोरड्या आहेत आणि त्यांच्याखाली काचेसारखं स्वच्छ पाणी उभं आहे.

हे पाणी गढूळ नाही, ही गोष्ट मला पहिल्यांदा खटकते. रस्त्यावरून शिरलं असतं तर लाल-काळं असतं, पालापाचोळा घेऊन आलं असतं. पण समोरचा रस्ता फक्त पावसानं ओला आहे. हे पाणी खालून वर आलंय, फरशीच्या सांध्यांतून. टॉर्चच्या उजेडात तळाशी असलेली बाज जशीच्या तशी दिसते, तिच्या नवारीचे पट्टेसुद्धा मोजता येतात. पाण्यावर कूलरच्या वाळ्याच्या ताट्या तरंगतायत, आणि भर पावसाळ्यात आमच्या तळघरातून मे महिन्याचा वास येतोय.

चंद्रपूर, जुलै 2022. गुरुपौर्णिमा होऊन गेली आहे, आणि पुनर्वसूचा पाऊस थांबायचं नाव घेत नाही. इरई धरणाचे दरवाजे उघडल्याचं महापालिकेची गाडी काल संध्याकाळी भोंग्यावरून सांगून गेली. रहमतनगर, सिस्टर कॉलनी या खोलगट भागांतली माणसं सामान घेऊन शाळांमध्ये गेली आहेत. आमचं घर इरईकडे उतरत जाणाऱ्या वस्तीत आहे, पण नदीचं पाणी अजून गल्लीच्या टोकाशीच आहे. आम्ही निश्चिंत झोपलो होतो.

"खाली उतरू नका." मागून वहिनीचा आवाज येतो. भाऊ लुंगी खोचून पहिल्या पायरीवर पोहोचलाच आहे. "खालच्या बोर्डात करंट आहे. आधी मेन पाडते."

ती धावत बाहेर मीटरपाशी जाते. खटका पडतो, घर अंधारात जातं. तळघरातला कूलरचा बोर्ड जमिनीपासून चार फुटांवर आहे आणि पाणी साडेतीन फुटांच्या आसपास. अर्ध्या फुटाचा फरक. भाऊ काही न बोलता पायरीवर बसून राहतो. वहिनी परत येते, तिचे हात थरथरतायत, पण आवाज थरथरत नाही. "आता उतरा. पण काठी घेऊन."

चंद्रपूरच्या घराला तळघर कशाला, असं बाहेरचे लोक विचारतात. त्यांनी इथला मे पाहिलेला नसतो. पारा 46-47 वर जातो, दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो, रात्री दोन वाजेपर्यंत स्लॅब तापलेली राहते. उतारावरचा प्लॉट होता म्हणून बाबांनी मागच्या बाजूला वीस बाय पंधराची खोली जमिनीत उतरवली. गेली तीस वर्षं आमचे उन्हाळे त्या खोलीनं सोसले. बाबा अजूनही एप्रिल ते जून दुपारची झोप तिथंच घेतात. आणि जागा थंड, कोरडी म्हणून वर्षाचा तांदूळही तिथंच असतो.

भाऊ आणि मी कमरेपर्यंत पाण्यात उतरतो. पाणी थंड आहे, पायाखालची फरशी चिकट. मांडणीच्या खालच्या फळीवरचे दोन कट्टे गेले. फुगून त्यांच्या शिवणी उसवल्यात आणि टॉर्चच्या उजेडात तळाशी तांदूळ सांडलेला दिसतो. वरच्या फळीवरचे पाच कोरडे आहेत. हे वहिनीच्या माहेरचं, नागभीड तालुक्यातलं एचएमटी. त्याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांनी दीड एकराच्या शेतात वेगळ्या लोंब्या हेरून, वर्षानुवर्षं निवडून हे वाण उभं केलं. आज ते कुठकुठल्या राज्यांत पोहोचलंय. आमच्या घरात त्या तांदळाचा एक दाणाही ताटात टाकून कोणी उठत नाही. भाऊ कट्टा डोक्यावर घेतो, मी जिन्यावर झेलतो, वहिनी वर ओढते. पाचवा कट्टा वर जाईपर्यंत पाणी बोर्डाला लागलेलं असतं.

झरोक्यातून एक साप पाण्यात उतरतो आणि भिंतीच्या कडेनं वळसा घालतो. "धोंड्या आहे, काही करत नाही," भाऊ म्हणतो. तरी आम्ही दोघं वर येतो.

उजाडेपर्यंत पाचच पायऱ्या कोरड्या राहिल्यात. म्हणजे पाणी पाच फूट झालं. मी हिशेब करतो: पंधराशे घनफूट, बेचाळीस हजार लिटर, पाच हजारांचे आठ टँकर. भाऊ फोनवर फोन लावतोय. आठ वाजता त्याचा शेतकरी मित्र ट्रॉलीत पाच एचपीचं डिझेल इंजिन घालून येतो. पाइप जोडला जातो, जाळी जिन्यावरून खाली सोडली जाते. दोन तासांत तळघर कोरडं करू, असं मित्र म्हणतो, आणि खरंच करू शकेल.

तेवढ्यात शेजारचे मिस्त्रीकाका कुंपणापलीकडून येतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, उभ्या आयुष्यात विहिरी बांधल्या आणि घरं बांधली. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ.

"इंजिन बंद ठेव," ते भावाला म्हणतात. "पहिले विहीर पाहू दे."

मागच्या अंगणातली आमची विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते. आज मी काठावर वाकून ओंजळीनं पाणी घेऊ शकतो. मिस्त्रीकाका पिशवीतून लेव्हल पाइप काढतात. गवंडी पायाची पातळी काढायला वापरतात ती साधी पारदर्शक नळी. तिच्यात पाणी भरून एक टोक ते विहिरीपाशी माझ्या हातात देतात, दुसरं झरोक्यापाशी स्वतः धरतात. विहिरीतल्या पाण्यापासून नळीतल्या पाण्यापर्यंत मी टेपनं मोजतो, तिकडे ते मोजतात. दोन्हीकडे आकडा जवळजवळ तोच येतो, फरक फार तर इंचाचा.

"पाह्यलं? हे दोन पानी नाही, एकच पानी आहे. तुझ्या घराखालून गेलेलं. आतलं पानी आतून दाबून राह्यलं, बाहेरचं बाहेरून. म्हनून फरशी जाग्यावर आहे. आतलं काढलं का बाहेरचं उसळी मारते. घाई नोको करू."

भावाला पटत नाही. त्याला घरात साचलेलं पाणी बघवत नाही, आणि ते मला कळतं. मलाही बघवत नाही. पण काका जे बोटानं दाखवतायत ते आकड्यांतही बसतं. आत-बाहेरच्या पातळीत एक फुटाचा फरक पडला की बाहेरचं पाणी फरशीला दर चौरस मीटरमागे सुमारे 300 किलोंनी वर ढकलतं. आमचा काँक्रीटचा कोबा चार इंचांचा. त्याचं वजन चौरस मीटरमागे 240 किलोंच्या जवळपास. म्हणजे नुसत्या एका फुटात तो आपल्या वजनानं टिकायचा बंद होतो. पाच फूट उपसले तर दीड टनाचा रेटा. शिवाय बाजूच्या भिंतींना पाणी पिऊन फुगलेली काळी माती आतल्या बाजूला लोटतेय, ते वेगळंच.

2013 च्या पुरात याच गल्लीत एका घरी तळघर एका दुपारी उपसून काढलं होतं. रात्री फरशी मधोमध उचलली गेली, भिंत पोटातून फुटली, आणि काढलं त्याहून जास्त पाणी परत आलं. मिस्त्रीकाकांनीच ती भिंत पुन्हा बांधली. भाऊ हे ऐकतो आणि इंजिनावर ताडपत्री टाकतो.

आता वाट पाहणं. घरात पाच फूट पाणी ठेवून वर स्वयंपाक करायचा, जेवायचं, झोपायचं. वहिनी वरण-भात मांडते, सोबत जवसाची चटणी. बाबा जेवत नाहीत. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेत, जणू खाली कोणी आजारी आहे.

मिस्त्रीकाका कोळशाच्या तुकड्यानं विहिरीच्या आतल्या दगडावर एक रेघ मारतात आणि मला सांगतात, सकाळ-संध्याकाळ पाहायचं. मी दर तासाला पाहतो. पाऊस थांबलाय, तरी रेघ पाण्याखालीच. पाऊस थांबूनही पाणी का उतरत नाही?

उत्तर दुपारी बहिणीच्या फोनवरून येतं. ती सिरोंच्याला असते. तिकडं प्राणहिता आणि गोदावरी दोन्ही फुगल्यात, गावंच्या गावं हलवली जातायत, मेडीगड्डा बॅरेजचे सगळे 85 दरवाजे उघडे आहेत. वर भंडाऱ्याकडे गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडलेत, वैनगंगा काठ सोडून वाहतेय. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढून भामरागड तुटलंय. ती सांगत जाते आणि माझ्या डोळ्यांपुढे नकाशा उलगडतो. आमच्या विहिरीतलं पाणी इरईत जाणार, इरई वर्धेत, वर्धा चपराळ्याच्या जंगलाशी वैनगंगेला मिळून प्राणहिता होणार, आणि प्राणहिता बहिणीच्या गावाशी गोदावरीत. खाली वाट तुंबली की वर्धा फुगते, वर्धा इरईला आत घेत नाही, इरई मागे सरकत आमच्या गल्लीपर्यंत येते. माझ्या तळघराचा निचरा त्या सगळ्या नद्यांच्या रांगेत शेवटी उभा आहे.

"तुमच्याकडं माणसं तरी सुखरूप आहेत ना?" बहीण विचारते. ती स्वतः चार कुटुंबांसह शाळेच्या वऱ्हांड्यात आहे. मी दोन कट्टे तांदळाचं दुःख तिला सांगत नाही.

संध्याकाळी मी पठाणपुरा दरवाजापर्यंत चालत जातो. गोंडराजांच्या परकोटाचा दगड भिजून काळा झालाय. इरई आणि झरपट यांच्या बेचक्यात हे शहर वसवणाऱ्यांनी भोवती भिंत घातली आणि नदीला बाहेर तिची जागा ठेवली. त्या जागेत नंतर आम्ही घरं बांधली. आमचं घरही त्यातलंच, हे मला कबूल केलं पाहिजे. आणि वरच्या अंगाला कोळसा खाणींतून निघालेल्या मातीचे डोंगर नदीच्या काठावर उभे राहिले. दर पावसाळ्यात ती माती पात्रात उतरते. पात्र अरुंद आणि उथळ झालं. धरणातून तेवढंच पाणी सोडलं तरी ते आता जास्त पसरतं. हे चंद्रपूरकर वर्षानुवर्षं ओरडून सांगतायत, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेघ दिसते. पाण्याच्या वर, चार बोटं. मी अंगणातूनच ओरडतो. बाबा खुर्चीवरून उठतात.

मिस्त्रीकाका येतात, पुन्हा नळी लावतात. विहीर उतरलीय, तळघर तिच्या मागोमाग हळूहळू उतरतंय. आता इंजिन चालू करायचं, पण बेतानं. नियम त्यांनी ठरवलाय: विहीर जेवढी उतरेल तेवढंच आतलं काढायचं, आत-बाहेर अर्धा फूट मागे-पुढे चालेल, जास्त नाही. मग इंजिन बंद, भिंतीवर खूण, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. खूण वर चढली तर हात लावायचा नाही. अर्ध्या फुटाला चार हजार लिटर, इंजिनाचं दहा-बारा मिनिटांचं काम. इंजिन भाड्याचं असतं तर आम्हाला हा धीर धरवला असता की नाही, सांगता येत नाही. मित्र पैसे घेत नाही.

मध्येच वर्धा पुन्हा चढते, विहीर एका रात्रीत वीतभर वर येते, आणि काकांच्या सांगण्यावरून आम्ही दोन दिवस काहीच करत नाही. भाऊ तळघराच्या दाराकडे पाठ करून बसतो.

नवव्या दिवशी शेवटची पायरी उघडी पडते. भाऊ गमबूट घालून उतरतो, मागून मिस्त्रीकाका, मागून आम्ही. काका हातोडीच्या दांड्यानं फरशी ठोकत जातात. टक, टक, टक. सगळीकडे भरीव आवाज. पूर्वेच्या कोपऱ्यात एक केसाएवढी भेग, बाकी कोबा शाबूत. भिंतीवर पाच फुटांवर सरळ ओळ उमटलीय, जणू कोणी दोरी लावून आखलीय. सांडलेला तांदूळ आंबलाय. वहिनी तो टोपल्यात भरून, तोंडाला पदर लावून, एकटीच बाहेर नेते. कोणाला हात लावू देत नाही.

तलाठ्यानं पंचनाम्यासाठी त्या ओळीचा फोटो घेतलाय. विहिरीत ब्लीचिंग पडलंय, महिनाभर तिचं पाणी प्यायचं नाही. तळघर भरून टाकायचं का, यावर रात्री घरात बोलणं होतं. मुरमाच्या पंचवीसेक ट्रॅक्टर ट्रॉल्या, दोन दिवसांचं काम. बाबा बराच वेळ ऐकतात आणि विचारतात, "मग मे महिन्यात मी कुठं झोपू?" कोणाकडे उत्तर नाही. या गावात उन्हानंही माणसं मरतात.

शेवटी असं ठरतं: खोली राहील, ती फक्त उन्हाळ्याची. मृग लागायच्या आत बाज, कूलर, सगळं वर. तांदूळ कायमचा वर. आणि खाली वीज नाही. कूलर वर झरोक्याबाहेर बसेल, हवा आत सोडेल.

आत्ता मी हे लिहीत असताना भाऊ छिन्नी-हातोडी घेऊन खाली बसलाय आणि चार फुटांवरचा तो बोर्ड भिंतीतून उखडून काढतोय. इरई, वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, कुठल्याही काठी तुमच्या घराची एखादी खोली जमिनीखाली उतरत असेल, तर आज उजेड आहे तोवर टेप घेऊन खाली जा आणि तुमचा स्विचबोर्ड फरशीपासून किती उंच आहे ते मोजा.