दोन केबल आहेत, पण दोन्ही चालू आहेत का?

पीएचडीला आलात की लॅबचा सर्व्हर सांभाळायचं काम हमखास सगळ्यात नव्या विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतं. त्या सर्व्हरला दोन नेटवर्क केबल जोडलेल्या दिसल्या, तर तिथे बहुधा 'बाँडिंग' असतं. म्हणजे लिनक्स दोन नेटवर्क कार्डं एकत्र बांधून त्यांचा एकच इंटरफेस करतं. त्यातल्या 'अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप' मोडमध्ये एक कार्ड काम करतं आणि दुसरं राखीव बसतं. पहिलं गेलं की दुसरं ताबा घेतं.

खरी गोम इथेच आहे. पहिली केबल गेली तरी काहीच बंद पडत नाही, म्हणून कुणाला कळतच नाही. सर्व्हर महिनोन्‌महिने एकाच केबलवर चालतो. मग तीही जाते आणि सगळे म्हणतात, "पण आपल्याकडे तर दोन होत्या ना!"

म्हणून या क्रमाने तपासा.

१. आधी कर्नलला विचारा. 'प्रॉक' डिरेक्टरीत 'नेट' आणि त्यात 'बाँडिंग' असं फोल्डर असतं. तिथली बाँडच्या नावाची फाईल उघडा. मोड कोणता, सध्या कोणतं कार्ड सक्रिय आहे, प्रत्येक कार्डाची लिंक किती वेळा तुटली, सगळं तिथे असतं. कार्ड 'अप' दिसतंय पण तुटण्याचा आकडा वाढतोय? मग सैल कनेक्टर, केबल किंवा स्विचच्या पोर्टवर संशय घ्या.

२. पहारा कुठपर्यंत आहे ते बघा. 'एमआयआय' देखरेखीचा कालावधी शून्य असेल, तर ती देखरेख बंद आहे. सुरुवातीला १०० मिलिसेकंद ठीक. पण ही देखरेख फक्त कार्ड ते शेजारचा स्विच एवढंच बघते. स्विचच्या पुढची वाट तुटली तरी तिच्या लेखी सगळं आलबेल! अ‍ॅक्टिव्ह-बॅकअपमध्ये त्यावर उपाय म्हणजे एआरपी देखरेख. ती ठरावीक वेळाने गेटवेसारख्या पत्त्याला हाक मारते आणि उत्तर येतं का ते पाहते.

३. स्विचची बाजू तपासा. मोड ८०२.३एडी असेल, तर स्विचवरही एलएसीपी चालू लागतं. त्याच फाईलमध्ये पार्टनरचा मॅक पत्ता सगळा शून्य दिसला, तर समोरून कुणी उत्तर देत नाहीये. दोन कार्डांचे अ‍ॅग्रिगेटर क्रमांक वेगळे असतील, तर ती एका गटात आलेलीच नाहीत.

४. वेगाला बिघाड समजू नका. या मोडमध्ये १ गिगाबिटच्या दोन केबल असल्या तरी एका जोडणीचा सगळा डेटा एकाच केबलवरून जातो. एक मोठी फाईल कॉपी करताना २ गिगाबिट मिळणार नाहीत. अनेक जोडण्या असतील, तरच भार वाटला जाऊ शकतो.

५. केबल खरंच काढून बघा. सगळ्यांना आधी सांगा, सर्व्हरजवळ उभे राहा, पिंग चालू ठेवा आणि एकेक केबल काढून परत लावा. दुसरी काढण्याआधी पहिली 'अप' झाल्याची खात्री करा.

आता याचा संशोधनाशी काय संबंध? नेटवर्कवरून चालणाऱ्या प्रयोगाचा वेळ मोजत असाल, तर दर वेळी त्या फाईलची प्रत निकालासोबत जपून ठेवा. नाहीतर निम्मी मोजमापं दोन केबलवरची, निम्मी एकीवरची, आणि आलेखातल्या फरकाचं श्रेय मिळेल तुमच्या अल्गोरिदमला.