‘लायब्ररी सापडत नाही’ : एका संगणकीय दोषाचे निदान

भारतीय भाषांतील साहित्याच्या अभ्यासात शब्दसूची, पाठभेदांची तुलना, वर्णानुक्रमण यांसारखी कामे आता संगणकाकडे सोपविली जातात. ही कामे करणारी आज्ञावली नव्या संगणकावर नेली असता पुष्कळदा ती सुरूच होत नाही. अमुक नावाची सामायिक लायब्ररी उघडता आली नाही, एवढेच एक वाक्य पडद्यावर उमटते. हा दोष किरकोळ भासतो. परंतु त्यावर घाईने केलेला उपाय अभ्यासाच्या निष्कर्षांनाच बाधा आणू शकतो. म्हणून त्याचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

सामायिक लायब्ररी म्हणजे अनेक आज्ञावलींना समान लागणाऱ्या कृतींचा, स्वतंत्र फाइलीत ठेवलेला संग्रह होय. प्रत्येक आज्ञावली तो स्वतःत सामावून न घेता केवळ त्याचे नाव नोंदवून ठेवते. ती चालू होतेवेळी ‘लोडर’ तो संग्रह शोधून तिला जोडून देतो. यामुळे जागा वाचते, आणि लायब्ररीतील दोष एकदा दुरुस्त केला की तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व आज्ञावलींना त्याचा लाभ होतो. नोंदविलेल्या नावात बहुधा एक क्रमांकही असतो. लायब्ररीची रचना जुन्या आज्ञावलींशी न जुळण्याइतकी बदलली, की हा क्रमांक बदलावा असा संकेत आहे. ग्रंथाभ्यासकाला यात अपरिचित असे काही नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. कोणती आवृत्ती ते न सांगता दिलेला पृष्ठांक वाचकाच्या उपयोगी पडत नाही.

लिनक्सच्या ‘डेबियन’ या वितरणातील एक उदाहरण घेता येईल. युनिकोड मजकुराचे वर्णानुक्रमण, शब्दसीमांचा निर्णय इत्यादी कामांसाठी ‘आयसीयू’ ही लायब्ररी वापरली जाते. २०२१ साली आलेल्या डेबियन ११ मध्ये तिची ६७ वी आवृत्ती होती. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ७२ वी आहे. डेबियन ११ वर सिद्ध केलेली शब्दसूचीची आज्ञावली डेबियन १२ वर नुसती नकलून नेली, तर ती ६७ क्रमांकाची फाइल मागते आणि ती तेथे नसते. वास्तविक अशा गरजा पुरविणे हे ‘एपीटी’ या पॅकेज मॅनेजरचे काम आहे. प्रत्येक पॅकेजमध्ये त्याच्या अवलंबनांची यादी असते व तीनुसार तो आवश्यक ते आणून बसवितो. पण नकलून आणलेल्या आज्ञावलीची त्याला वार्ताच नसते. पॅकेजची फाइल थेट ‘डीपीकेजी’च्या हाती दिल्यास उणीव कळते, परंतु ती भरून काढली जात नाही.

निदान क्रमाने करावे. ‘एलडीडी’ ही आज्ञा आवश्यक लायब्रऱ्यांची यादी देते आणि न सापडलेल्या लायब्ररीपुढे तसे स्पष्ट लिहिते. मात्र अविश्वसनीय आज्ञावलीवर ती चालवू नये, कारण काही परिस्थितीत त्या आज्ञावलीचाच भाग त्यामुळे कार्यान्वित होऊ शकतो. तेथे केवळ नोंदी वाचणारी ‘ऑब्जडम्प’ बरी. त्यानंतर ती फाइल संगणकावर कोठे आहे का, हे पाहावे. असून सापडत नसेल, तर लोडर त्या ठिकाणी शोध घेत नसावा किंवा त्याची सूची जुनी असावी. शोधस्थानांत त्या जागेची नोंद करून ‘एलडीकॉन्फिग’ने सूची नवी करता येते. कधी फाइल ३२ बिटांची आणि आज्ञावली ६४ बिटांची असते. फाइल मुळीच नसेल, तर ती कोणत्या पॅकेजात मिळते हे ‘एप्ट-फाइल’ सांगते.

याच टप्प्यावर एक मोह होतो : ७२ क्रमांकाच्या फाइलीला ६७ क्रमांकाच्या नावाचा दुवा देऊन लोडरची समजूत घालावी. आयसीयूच्या बाबतीत ही युक्ती सहसा टिकत नाही, कारण तिच्यातील कृतींच्या नावांतही आवृत्तीचा क्रमांक गुंफलेला असतो. फाइल सापडली तरी कृती सापडत नाहीत. अन्य लायब्रऱ्यांत मात्र आज्ञावली सुरू होऊन मध्येच कोसळू शकते, अथवा निमूटपणे चुकीचे फलित देऊ शकते. न चालणाऱ्या आज्ञावलीची अडचण तत्काळ दिसते. चुकीची चालणारी आज्ञावली कधी लक्षातही येत नाही, आणि तिने दिलेली सूची मुद्रित होऊन जाते.

योग्य उपाय तीन. आपल्या वितरणात त्या आज्ञावलीचे पॅकेज असेल तर तेच एपीटीद्वारे बसवावे. मूळ संहिता उपलब्ध असेल तर नव्या लायब्ररीवर आज्ञावली पुन्हा सिद्ध करावी. दोन्ही अशक्य असल्यास डेबियन ११ चे वातावरण ‘कंटेनर’मध्ये वेगळे राखून तेथेच जुनी आज्ञावली चालवावी. जुन्या वितरणातील पॅकेजे नव्यात मिसळणे टाळावे. त्यातून अवलंबनांचा गुंता वाढतो आणि सुरक्षाविषयक दुरुस्त्याही सुटतात.

वर्णानुक्रमणाचे नियमही आवृत्तीगणिक सुधारले जात असल्याने, लायब्ररी बदलली की त्याच शब्दांचा क्रम क्वचित बदलू शकतो. म्हणून प्रसिद्ध केलेल्या सूचीसोबत ती कोणत्या आज्ञावलीने व लायब्ररीच्या कोणत्या आवृत्तीने तयार झाली, याची नोंद करणे इष्ट आहे. आधारभूत प्रतीची नोंद संपादक जशी आवर्जून देतो, तशीच ही नोंद पुढील अभ्यासकाला सूचीची पडताळणी करण्याचे साधन देईल.